प्रतिसाद: वेरूळसाठी मुक्काम पडेगावात

वर कुणीतरी म्हटलंय, संभाजीनगरात उतरायचं तर स्टेशनजवळच. वेरूळ बघायचं असेल तर मला नाही पटत. आम्ही छावणी (कँटोन्मेंट) भागाच्या पलीकडे पडेगावात उतरलो, दौलताबाद रस्त्यावरच. शहरातून वेरूळ 30 किमीच्या आसपास. त्यातला गर्दीचा टप्पा आधीच मागे पडतो.

सात-आठ खोल्यांचं साधं लॉज. गिझरचा भरवसा नाही, पण काकूंनी सकाळी बादलीभर कढत पाणी दिलं. रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा, असा की पोरगं पाण्याचा तांब्या सोडेना! रात्री उशिरा रिक्षा मात्र मिळत नाही, आधीच सांगून ठेवा.

आणि हो, वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. आमचा एक दिवस त्यातच गेला.