मदत हवी आहे : मुलाला ऐकू येतं, बुद्धी चांगली आहे, पण भाषा जमत नाही. शाळा कुठली?

चिमणदाणा :
नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही साताऱ्याचे. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत, मराठी माध्यम. बेरा आणि ऑडिओमेट्री, ऐकण्याच्या दोन्ही चाचण्या नॉर्मल. ऑटिझम नाही. चित्रं-ठोकळ्यांची बुद्धिमत्ता चाचणी वयाप्रमाणे. निदान डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे डीएलडी, भाषा शिकण्या-समजण्यातली जन्मजात अडचण. शंभरात साधारण सात मुलांना असतं म्हणे, मग आम्ही हे नाव आत्ताच का ऐकलं?

"बाबा गाडी गेला" म्हणतो. बाबा गाडीने गेला की बाबाची गाडी गेली, हे आपण ओळखायचं. ने, ला, त सगळे गळतात. पण बोलण्यापेक्षा समजण्याची अडचण मोठी आहे आणि ती कुणाला दिसत नाही. बाई म्हणतात, "वह्या काढा, मागचं पान उघडा, तारीख लिहा." हा वही काढतो आणि शेजारच्याकडे बघत बसतो. मग शेरा येतो : लक्ष नसते.

वेखंड उगाळून मधातून चाटवून झालं. "याचा काकाही पाच वर्षांचा होईतो बोलत नव्हता, आज वकिली करतो" हे ऐकून झालं. त्यात दोन वर्षं गेली, त्याचा राग अजून आहे.

आता शाळा म्हणते, पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा. मूकबधिर शाळेत गेले, तर म्हणाले, याला ऐकू येतं. मतिमंद मुलांच्या शाळेत गेले, तर म्हणाले, हा हुशार आहे, इथे नको. दोघांचंही बरोबरच आहे हो. पण मग याने जायचं कुठे? खास अशा मुलांची शाळा आहे का? पुण्याला बिऱ्हाड हलवायचीही तयारी आहे. आणि दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

खडीसाखर :
चिमणदाणाताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे, पुण्यात. फक्त डीएलडीच्या मुलांची वेगळी शाळा महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे शाळेच्या शोधात घाईने बिऱ्हाड हलवू नका.

प्रमाणपत्राचं जरा गुंतागुंतीचं आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूच्या इजेमुळे आलेल्या कायमच्या अडचणीला धरून केलीय. तुमचा मुलगा तिथे बसणं अवघड. पण 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या प्रकाराची व्याख्या वाचा. बोली किंवा लेखी भाषेवर प्रक्रिया करण्यातली अडचण असं त्यात स्पष्ट आहे आणि डेव्हलपमेंटल अफेजियाचं नावही आहे. डीएलडीचं हे जुनं नाव. मात्र 2018च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळायचं. 2024 मध्ये त्या सूचना बदलल्या, तेव्हा आताची वयाची अट जिल्हा रुग्णालयात विचारून घ्या. थांबावं लागलं तरी आत्तापासूनचे सगळे अहवाल जपून ठेवा.

शाळा काढू शकत नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 16, आठवी होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही. भांडायला जाऊ नका, पण माहीत असू द्या. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीतही, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रातही, नाव नोंदवा. खाजगी थेरपिस्ट घेतलात तर त्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक आधी विचारा. हल्ली कोणीही पाटी लावतं.

बाईंना एकच पान लिहून द्या : एका वेळी एकच सूचना, बोलताना चित्र किंवा खूण, उत्तराला दहा सेकंद थांबणं. उद्याच्या धड्यातले पाच शब्द आदल्या रात्री घरी वस्तू दाखवून करून घ्या. वर्गात तो शब्द दुसऱ्यांदा ऐकतो तेव्हा फरक पडतो. आणि तो "बाबा गाडी गेला" म्हणाला की चूक काढू नका, "हो, बाबा गाडीने गेला" एवढंच म्हणा.

टेकाड :
मी इंग्लंडात असतो, माझ्या भाचीला हेच आहे. इथे फक्त अशा मुलांच्या शाळा आहेत, सरेतली मूर हाउस 1947 पासूनची. तिथे थेरपिस्ट वर्गात शिक्षकाबरोबरही शिकवतात. पण भाची साध्याच शाळेत आहे, इथेही बहुतेक मुलं साध्याच शाळेत असतात. एक विचारू का, वर्गात त्याला मित्र आहेत का? आम्हाला भाचीचं वाचन मागे पडण्यापेक्षा डबा एकटीने खाणं जास्त सलत होतं.

चिमणदाणा :
टेकाडदादा, एक मित्र आहे. गोट्या खेळताना बोलावं लागत नाही, म्हणून टिकलाय.
खडीसाखर, कलम 16चं वाचून आज पहिल्यांदा नीट झोप लागेल. मोबाइलवरचं, चित्र दाबलं की शब्द बोलणारं जेलो ॲप, आयआयटी मुंबईचं, मराठीत आहे ते, डाउनलोड केलंय. थोडंफार बोलणाऱ्या मुलाला ते द्यावं का? सासूबाई म्हणतात, आहे तेवढं बोलणंही बंद होईल.

खडीसाखर :
बंद होत नाही. उलट शब्द आठवायला आधार मिळतो. सासूबाईंनाच शिकवा ते, त्यांच्याकडूनच तो पटकन उचलेल.

चिमणदाणा :
सोमवारी गट साधन केंद्रात जातेय. काय झालं ते इथेच लिहीन. साताऱ्याकडचं कुणी डीएलडीच्या मुलाचे आईबाबा असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.