दूरचित्रवाणी पाहून स्कूबा डायव्हिंग शिकता येते का?

प्रश्न (कोल्हापूर)

नमस्कार. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे तो दूरचित्रवाणीवरचे समुद्राखालचे माहितीपट सहसा चुकवत नाही. पाणबुड्याच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूचे नाव आणि काम त्याला तोंडपाठ आहे. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'छान' असा नसून 'वर चला' असा होतो, हेही मला त्यानेच सांगितले. तो उत्तम पोहतो आणि २५ मीटरचा तलाव एका श्वासात पाण्याखालून पार करतो. दिवाळीच्या सुटीत आम्ही मालवणला जाणार आहोत. तेथे जे शिकवतील ते आपल्याला आधीच येते, तेव्हा प्राथमिक धडे वगळून थेट खोल पाण्यात उतरावे, असा त्याचा आग्रह आहे. त्याची हौस मला मोडायची नाही, पण मन धजावत नाही. असे पाहून मिळवलेले ज्ञान कितपत कामाला येते?

उत्तर १ : प्रशिक्षक (सिंधुदुर्ग)

ताई, मुलाने जे मिळवले आहे ते वाया गेलेले नाही. आमच्या अभ्यासक्रमातला तात्त्विक भाग आता बराचसा चित्रफितींतूनच शिकवला जातो, त्यामुळे लेखी परीक्षा तो सहज उत्तीर्ण होईल. मला काळजी वाटते ती एका श्वासात पार केलेल्या त्या २५ मीटरांची.

पृष्ठभागावर घेतलेला श्वास रोखून पाण्यात बुडी मारणारा मुलगा वर येतो, तेव्हा त्याच्या फुप्फुसांतली हवा मूळच्या आकारमानाला परत येते, एवढेच. स्कूबामध्ये मात्र आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा आपण आत घेत असतो. १० मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तेथे छाती भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर ती हवा पृष्ठभागापाशी दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होते. पृष्ठभागाजवळ हा फरक सर्वांत झपाट्याने पडत असल्यामुळे जेमतेम दीड मीटर वर येतानाही असा अपघात होऊ शकतो. श्वास कधीही रोखायचा नाही, हा आमचा पहिला नियम त्यामुळेच आहे.

हा नियम त्याने ऐकलेला असणारच. परंतु मास्कमध्ये पाणी शिरून नाकाला झोंबते, त्या क्षणी ऐकलेले काहीही आठवत नाही. शरीर आपोआप श्वास धरते आणि पाय मारून वर धावते. म्हणून उभे राहिले की डोके पाण्याबाहेर येईल अशा उथळ पाण्यात आम्ही मास्क आधी अर्धा, मग पूर्ण पाण्याने भरायला लावतो, नंतर काढायला लावतो आणि तोंडाने संथ श्वास घेत, नाकाने हवा सोडत तो पुन्हा रिकामा करून घेतो. पट्टीचे पोहणारेसुद्धा पहिल्या पाच-सहा वेळा घाबरून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मग एकदा ते उभे राहत नाहीत, आणि खरे शिकणे तेथून सुरू होते. पडद्यावर दिसणारा माणूस हा टप्पा कधीच ओलांडून आलेला असतो.

उत्तर २ : हौशी डायव्हर (पुणे)

दूरचित्रवाणीचे श्रेय नाकारू नये, असे मला मनापासून वाटते. फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यान यांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण तयार केले, आणि १९५८ ते १९६१ या काळात 'सी हंट' या अमेरिकी मालिकेने तो प्रकार घराघरांत पोहोचवला. पण त्याच सुमारास, १९६० मध्ये 'नाउई' आणि १९६६ मध्ये 'पाडी', या प्रशिक्षण देणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या. नुसते पाहून भागत असते, तर त्यांची गरज पडली नसती.

माझा अनुभव सांगतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १० मीटरवर ४० लिटर लागते, म्हणजे ५० बार राखून ठेवले तरी ४५ मिनिटे मिळायला हवीत. अंदमानात पहिल्यांदा उतरलो तेव्हा हे गणित मला पाठ होते, तरीही २५ मिनिटांतच माझा काटा ५० वर आला, कारण भीतीने मी धापा टाकत होतो. शिवाय पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, आवाज कोणत्या दिशेने आला ते कळत नाही, आणि लाल रंग काही मीटरांतच मावळतो; पडद्यावर तो झगमगतो, कारण चित्रीकरण करणाऱ्यांकडे दिवे असतात.

उत्तर ३ : कान-नाक-घसा तज्ज्ञ

कानांवरचा दाब पहिल्या काही मीटरांतच सर्वांत जास्त जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा भरण्याची क्रिया दुखू लागण्यापूर्वीच करायची असते, आणि सर्दी असेल तर उतरायचेच नसते. उतरण्यापूर्वी भरायच्या वैद्यकीय प्रश्नावलीत दमा किंवा कानाचे जुने दुखणे लपवू नका.

प्रश्नकर्ती

सर्वांची मी आभारी आहे. उत्तरे मुलाला वाचायला दिली. श्वासाचा परिच्छेद त्याने दोनदा वाचला आणि धडे घ्यायला तो तयार झाला आहे. आमच्याकडे चार दिवस आहेत. चौथ्या दिवशी दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी आंबोलीमार्गे परतावे, असा बेत आहे. तो योग्य होईल का?

उत्तर १ : प्रशिक्षक (सिंधुदुर्ग)

आधी एक फरक लक्षात घ्या. पर्यटकांना प्रशिक्षकाच्या हाताला धरून थोडा वेळ खाली नेतात, तो केवळ अनुभव असतो. त्याने कोणी डायव्हर होत नाही. त्याला खरोखर शिकायचे असेल, तर 'ओपन वॉटर' या प्राथमिक अभ्यासक्रमाची चौकशी करा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पाडीच्या पद्धतीत १० वर्षांवरील मुलांना प्रवेश मिळतो. त्यात २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार डुबक्या असतात, आणि खोलीची मर्यादा १८ मीटर आहे.

परतीचा बेत मात्र बदला. दाबाखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. विमानप्रवासापूर्वी एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर १८ तास थांबावे, असा संकेत आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच असल्यामुळे तो घाट चढतानाही मी हाच संकेत पाळायला सांगतो. शेवटची डुबकी तिसऱ्या दिवशी सकाळी आटोपेल असे पाहा, ती रात्र मालवणातच काढा आणि चौथ्या दिवशी न्याहारी करून निघा.