मदत हवी आहे: उड्या मारणाऱ्या मुलांना अंगाईकडे कसं वळवायचं?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही आया-आज्ज्या दीड ते तीन वर्षांच्या मुलांना घेऊन रविवारी आमच्या घरी जमतो. टाळ्या, झिम्मा, बडबडगीतं झकास रंगतात; तोंडाने हलगीचा ठेका धरला की पोरं थांबतच नाहीत! अडचण शेवटच्या अंगाईची. 8 मात्रांच्या केरवा तालावरून 6 मात्रांच्या दादरा तालावर आलो, मांडीवर घेऊन झुलवलं, खोलीत अंधारही केला. तरी मोठी पळतात, धाकटी रडतात. मोबाईलवर गाणी लावायची नाहीत, गाणं आमच्याच गळ्यातून हवं. वाद्य फक्त खंजिरी. खालच्या मजल्यावर आजारी आजोबा आहेत, त्यामुळे धावपळ वाढवणारे खेळ नकोत. बालवाडीच्या ताईंनो, नातवंडं झुलवणाऱ्या आज्जींनो, मधे कोणता खेळ घ्यावा? आणि आधी लय उतरवायची की आवाज?