शब्दचर्चा: क्लासला 'वर्ग' म्हणावं की 'साचा'?

सातपूरला संध्याकाळी आठ-दहा मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. पायथनमध्ये नावं देवनागरीत देता येतात, म्हणून मुलांनी कॅल्क्युलेटरचा क्लास (ज्यावरून एकसारखे अनेक ऑब्जेक्ट बनवता येतात तो आराखडा) करून त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशी फंक्शनं (नाव देऊन लिहून ठेवलेली कामं) लिहिली. फळ्यावर मी क्लासला 'वर्ग' म्हटलं होतं. पुढे ५ चा वर्ग २५ काढायची वेळ आली, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, वर्गात वर्ग लिहायचा?" मी हो म्हणालो. मागच्या बाकावरच्या मुलाने कॅल्क्युलेटरच्या आत दुसरा क्लासच उघडला. चूक त्याची नाही, शब्दाची आहे. गणिताच्या धड्यात 'वर्ग' आधीच कामाला जुंपलेला आहे.

मूळ 'क्लास'ही ठेवता येत नाही, कारण आपल्याकडे क्लास म्हणजे शिकवणी. म्हणून माझा कल 'साचा'कडे आहे, आणि त्यातून निघणाऱ्या ऑब्जेक्टला 'नग'. 'वस्तू'पेक्षा 'नग' नेमका, कारण तो मोजता येतो: एका साच्याचे दोन नग, दोघांचा एकूण आकडा वेगळा. एका मुलाने जुन्या हिशोबांची यादी क्लासमध्येच ठेवली होती. पहिल्या कॅल्क्युलेटरवर १२ अधिक ८ केलं, तर दुसऱ्या कोऱ्या कॅल्क्युलेटरच्या यादीतही २० दिसले. "यादी साच्यात राहिली, नगात टाक," एवढं म्हटल्यावर त्याने ती स्वतःहून इनिटमध्ये, म्हणजे प्रत्येक नग बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हलवली. 'वर्ग' म्हणून हे इतक्या चटकन सांगता आलं नसतं.

प्रतिसाद: नग पटला, साचा अर्धाच पटला. माझा जन्म अंबडच्या डाय-मोल्डच्या कामात गेला. पीस एकदा साच्यातून निघाला की सुटला. नंतर साचा घासला तरी निघालेला पीस बदलत नाही. पायथनमध्ये क्लासमधलं फंक्शन बदला, आधी केलेले ऑब्जेक्टही पुढच्या हाकेला नवंच फंक्शन वापरतात. शिवाय 'क्लास' हा शब्द १९६७च्या सिम्युला भाषेपासून या अर्थाने रुळला आहे, त्यात प्रकार, जात, गट ही छटा आहे. 'वर्गवारी' म्हणतो तेव्हा 'वर्ग' तेच सांगतो. मुलं इनहेरिटन्सपर्यंत, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घेण्यापर्यंत, पोचली की साच्याच्या पोटी साचा कसा सांगणार?

मूळ लेखक: हरकत रास्त आहे. फंक्शन बदलण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी पहिल्या महिन्यात मुलाला 'एकाच आराखड्याचे अनेक, प्रत्येकाचं आपापलं' एवढंच कळायला हवं, आणि तिथे साचा पुरतो. इनहेरिटन्सला मी 'वर्ग'कडे परत येईन. तोवर गणिताच्या फंक्शनला 'वर्गसंख्या' म्हणू.

प्रतिसाद: आणि सेल्फला, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनच्या आत त्या-त्या नगासाठी वापरतात त्या नावाला, काय म्हणता? तो राखीव शब्द नाही, नुसता संकेत आहे, दुसरं नाव चालतं.

मूळ लेखक: मुलांनी 'आपला' लिहून पाहिलं. 'प्रत्येकाने आपली वही काढा' मधला तोच आपला, त्यामुळे अर्थ लगेच पोचला. पण 'आपला.एकूण' आणि 'आपला.यादी' वाचताना त्याच मुलीने पेन्सिल थांबवली: "सर, यादी तर आपली असते ना?" लिंगाप्रमाणे न बदलणारा 'स्वतः' आता फळ्यावर आहे. त्याहून बरा सुचत असेल तर सांगा, सोमवारी तास आहे.