धारेवरचा निळा डाग : सुरीचे पाणी खरोखर उतरते का?

ऐरण
घरातील कार्बन पोलादाची जुनी सुरी गेल्या आठवड्यात बाजारातील धारवाल्याकडे दिली होती. त्याने ती विजेच्या कोरड्या चाकावर इतका वेळ दाबून धरली की टोकाकडची दोन बोटे धार निळी पडली. आता मागच्या भागाने टोमॅटो सरळ कापला जातो आणि पुढच्या भागाखाली त्याची साल नुसती चेपते.

लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतात, त्यात पाते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास लाल करून तेलात किंवा पाण्यात विझवतात. त्याने ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते; म्हणून ते पुन्हा साधारण २०० अंशांपर्यंत तापवून थोडा कडकपणा मुद्दाम कमी करतात. त्या वेळी घासलेल्या पोलादावर फिकट गवती पिवळा रंग येतो, पुढे तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. निळा रंग स्प्रिंगला शोभतो, सुरीच्या धारेला नव्हे. डाग पॉलिश करून काढला तरी केवळ रंग जातो, गेलेला कडकपणा परत येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की स्वयंपाकघरातील कोणतेही पाते कोरड्या चाकावर देऊच नये.

तासकाम
आपण सांगितलेले शास्त्र बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला अतिरेकी वाटतो. मी अनेक वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये (हत्यारे बनवण्याच्या विभागात) छिन्न्या आणि ड्रिल चाकावरच घासली आहेत. घासताना पाण्याचा डबा शेजारी असतो, बोटाला चटका जाणवला की हत्यार बुडवायचे, आणि एवढे पाळले तर रंग चढत नाही. दोष चाकाचा नसून घाईचा आहे. ठिणग्या पाहून घाबरण्याचेही कारण नाही, कारण त्या पोलादाच्या सुट्या झालेल्या बारीक कणांच्या असतात आणि ते कण हवेत जळतात. पाते तेवढे तापलेले नसते.

दुसरे असे की निळा रंग प्रत्येक पोलादात एकच गोष्ट सांगत नाही. पॉवर हॅक्सॉच्या (धातू कापणाऱ्या यंत्रकरवतीच्या) जुन्या ब्लेडपासून केलेल्या सुऱ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. ते हायस्पीड पोलाद (तापले तरी कडक राहणारे, यंत्रावरच्या हत्यारांचे पोलाद) असेल तर त्याला पाणी दिल्यानंतर मुळातच ५५० अंशांच्या आसपास पुन्हा तापवलेले असते, त्यामुळे ३०० अंशांनी त्याचे काही बिघडत नाही. स्टेनलेसवर तर तोच निळा रंग यायला कार्बन पोलादापेक्षा पुष्कळ जास्त उष्णता लागते. आपल्या सुरीतही मऊ झालेला पट्टा अरुंदच असणार, कारण मागचे जाड पोलाद उष्णता ओढून घेते. तेवढा भाग दगडावर घासून काढा, खाली कडक पोलाद सापडेल.

कुरुंद
‘पट्टा अरुंद आहे’ या दिलाशाचा मला काही उपयोग दिसत नाही, कारण कापणारी धार तरी किती रुंद असते? जिथे पाते सर्वांत पातळ, तिथेच उष्णता साचते, आणि नेमके तेच टोक भाजीला लागते. शिवाय चाकाचा शेवटचा हलका फेरा डाग पुसून टाकतो. गिऱ्हाईकाच्या हाती चकचकीत सुरी येते आणि चार दिवसांत धार बसली की दोष सुरीच्या माथी मारला जातो. टूलरूममधील शिस्त रस्त्यावर रांग लागलेली असताना कोण पाळणार? तासकाम यांची छिन्नी जाड असते, तिला उष्णता सामावून घेता येते. सुरीला ते जमत नाही. (आमच्या आजीच्या विळीचे पाते वर्षानुवर्षे दगडावर घासून चंद्रकोरीएवढे उरले होते, पण शेवटपर्यंत कापत होते.)

पाटावरवंटा
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे सुरी कढत पाण्यात धुऊ देत नाहीत, पाणी उतरते म्हणून. यात तथ्य आहे का?

तासकाम
नाही. उकळते पाणी १०० अंशांचे असते आणि पाते बनवतानाच त्याच्या दुपटीच्या आसपास तापवलेले असते. कढत पाण्याने लाकडी मूठ फुगेल आणि पाते ओले राहिले तर गंजेल, एवढेच. प्लास्टिकची बाटली कापायला सुरी गॅसच्या ज्योतीवर धरण्याची सवय मात्र घातक आहे. तिथे पातळ धार काही क्षणांत ३०० अंशांच्या पुढे जाते.

कुरुंद यांचा पातळ धारेबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. रांगेबद्दलचाही.

ऐरण
तासकाम यांचे म्हणणे तपासायला बारीक कानस घेऊन पाहिली. मागच्या कडक भागावर ती नुसती सरकत होती आणि मऊ पडलेल्या निळ्या भागावर रुतत होती. मग दोन संध्याकाळी पाणी टाकत दगडावर जवळपास दीड मिलिमीटर पोलाद काढले, तेव्हा पुढेही कानस सरकू लागली आणि टोमॅटोची साल पहिल्याच ओढीत तुटली. खाली कडक पोलाद होते, हे मी मान्य करतो. चाकाबद्दलचे मत तरीही बदललेले नाही, कारण घासल्यामुळे टोक आता फळीवर टेकत नाही आणि कोथिंबीर चिरली की शेवटचे देठ एकमेकांना जोडलेलेच राहतात.