चार नगरसेवक असून एकही आपला नाही: प्रभाग पद्धत बदलायला हवी का?

सिंहगडरोडकर
१५ जानेवारीला मतदान करून आलो. २०१७ नंतर थेट २०२६. मधे जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिका प्रशासकाच्या हातात होती. एवढी वाट बघून आत गेलो तर एकाच प्रभागाच्या चार जागा, चार मतं: यंत्रावर अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. माझ्या पुढच्या आजी दोन बटणं दाबून निघाल्या, तेव्हा अधिकाऱ्यांनी थांबवलं, "आजी, अजून दोन मतं राहिलीत." उरलेली नावं त्यांनी वाचलीच नाहीत. हात गेला तिथे दाबलं आणि आल्या.

मागच्या खेपेचा माझा अनुभव सांगतो. आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटलं. पहिल्या नगरसेवकाकडे गेलो, तर "तो भाग ताईंकडे". ताई म्हणाल्या, "आम्ही चौघांनी वाटून घेतलंय, तुमची गल्ली 'ड'कडे." कायद्यात अशी वाटणी कुठेच नाही, चौघंही अख्ख्या प्रभागाचे. झाकण बसायला पावसाळा उलटला, आणि तोवर आम्ही त्यावर झाडाची फांदी खोचून ठेवली होती.

२००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग महाविकास आघाडीने आधी एक आणि नंतर तीन ठरवले, २०२२ मध्ये पुढच्या सरकारने परत चार. ज्याला जे सोयीचं, ते त्याने केलं. मुंबईत मात्र २२७ वॉर्ड आणि प्रत्येकाला एकच नगरसेवक. आम्हालाही तेच द्या.

अनुजा व.
अजिबात पटलं नाही. एकाच्या वॉर्डात महिला आरक्षण सोडतीवर फिरतं. पाच वर्षं बाई नळाला पाणी यावं म्हणून अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बसते, आणि पुढच्या वेळी वॉर्ड खुला झाला की पक्षातले म्हणतात, "ताई, आता भाऊंना लढू द्या." मी कार्यकर्ती म्हणून हे डोळ्यांसमोर पाहिलंय. चारच्या प्रभागात दोन जागा बायकांच्या असतातच, दर वेळी. तुमच्या झाकणाचं दुःख खरं आहे, पण तो कामचुकारपणा झाला. त्यासाठी पद्धत का मोडायची?

सिंहगडरोडकर
ताई, मुद्दा मान्य. पण चौघांतल्या कोणाला जाब विचारायचा, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

दादर पश्चिम
मुंबईकर म्हणून एवढंच सांगतो, एकाच्या वॉर्डात जाब विचारायला माणूस ठरलेला असतो, हे खरं. पण लढत पाच-सहा जणांत झाली की तिशीच्या आसपासच्या टक्क्यांवरही निवडून येता येतं. उरलेले सत्तर टक्के त्याच्या हिशेबात नसतात.

वस्तीतला मतदार
तुम्ही सगळे चार की एक यावर भांडताय. माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. चारच्या प्रभागात प्रत्येक जागा वेगळी लढवली जाते, आणि चारही जागांना मत देतो तो सगळा प्रभागच. २०११ च्या लोकसंख्येने धरलं तरी पुण्यात चारचा प्रभाग सरासरी ८० हजारांच्या पुढे जातो. त्यात आमची वस्ती एका कोपऱ्यात. उरलेल्या प्रभागात ज्या पक्षाचं पारडं जड, त्याचंच पॅनेल चारही जागांवर. आमच्यासाठी राखीव असलेल्या जागेवरही तेच ठरवतात. निवडून येणारा आमच्या समाजाचा असतो, पण आमच्या मतावर आलेला नसतो. त्यामुळे तो आमच्याकडे कशाला वळेल?

हे दुखणं जुनं आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात अनेक सदस्यांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवारावर टाकता येत होती. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्याचा मोठा आधार मिळाला. १९५२ ला उत्तर मुंबईत दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, मतं दोन, पण दोन्ही एकाला देता येत नव्हती. बाबासाहेब तिथे हरले. अशा जोड मतदारसंघांची पद्धत देशाने १९६१ मध्ये कायदा करून बंद केली. आमच्या शहरात तीच दुसऱ्या रूपात आजही चालू आहे.

पदवीधर, अमरावती
वरच्या प्रतिसादावरून सुचलं. पसंतीक्रमाचं मतदान आपल्याकडे आहेच की! विधान परिषदेच्या पदवीधर निवडणुकीत मी जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहून आलोय. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला तर मत वाया जात नाही, दुसऱ्याकडे जातं. हेच चारच्या प्रभागात केलं, म्हणजे चार वेगळ्या लढतींऐवजी एकच मतपत्रिका दिली, तर पाचवा हिस्सा मतं आणि वर एक, एवढ्यावर एक जागा पक्की होते. वस्ती एकजुटीने उभी राहिली तर तिचा माणूस येईल आणि मोठ्या पक्षालाही त्याच्या ताकदीएवढंच मिळेल.

निवडणूक ड्यूटी
मी तीन निवडणुकांत केंद्रावर बसलोय. सर, तुमच्या अमरावतीचीच २०२३ ची पदवीधरची मोजणी दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली होती, आणि तिथे जागा एकच होती. मतदार सगळे पदवीधर, तरी कोणी आकड्याऐवजी टिक करतं, कोणी सही करतं, आणि मत बाद. वर आलेल्या आजींच्या हातात पंधरा नावांची यादी देऊन क्रम लावायला सांगणार का? शिवाय महिला, अनुसूचित जाती, ओबीसी अशा राखीव जागा एकाच मोजणीत बसवायच्या कशा?

पदवीधर, अमरावती
आजींना फक्त १ लिहिला तरी मत वैध. आज त्यांनी चारपैकी दोन बटणं न वाचता दाबली, ती मोजली गेलीच ना? राखीव जागांसाठी मोजणीचा नियम करावा लागेल, तो किचकट होईल, हे कबूल.

पोर्टलंडहून
मी अमेरिकेत ओरेगनच्या पोर्टलंडला राहतो. इथे १९१३ पासून अख्खं शहर प्रत्येक कमिशनरला, म्हणजे इथल्या नगरसेवकाला, मत द्यायचं. पूर्वेकडच्या गरीब भागाचं म्हणणं होतं की त्यांचं कोणी तिथे पोचतच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा चार विभाग झाले, प्रत्येकी तीन सदस्य, सहा पसंतीपर्यंत क्रम, आणि २५ टक्के व वर एक मत मिळालं की जागा. पूर्व भागाला स्वतःचे तीन सदस्य मिळाले. पण उमेदवारांची इतकी गर्दी झाली की बऱ्याच जणांनी कौन्सिलचा रकाना कोराच ठेवला. माझ्या शेजाऱ्यानेही ठेवला.

कर्वेनगर
मग सरळ सगळ्या शहरानेच मत द्यावं, नगराध्यक्षासारखं?

निवडणूक ड्यूटी
महापौर थेट निवडायला कायदा बदलता येईल. पण नगरसेवक प्रभागातूनच निवडायचे, असं घटनेच्या २४३ आर मध्ये आहे.

सिंहगडरोडकर
वस्तीतल्या दादांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी एकाच्या वॉर्डावर ठाम होतो, पण दादरकरांचं तीस टक्क्यांचं उदाहरण बघता त्यानेही हा प्रश्न सुटत नाही. तरी मला माझ्या गल्लीचा माणूस हवाच. चार सदस्यांचा प्रभाग ठेवणार असाल तर कोणता भाग कोणाच्या जबाबदारीचा, हे निवडून आल्याच्या महिन्याभरात लेखी जाहीर करायला लावा, आणि तो कागद क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर चिकटवा.

वस्तीतला मतदार
त्यात आमची वस्ती कोणाच्या वाट्याला येते, तेही चौघंच ठरवणार ना?