सर्व्हिसिंगमध्ये ड्रेन बोल्टचे आटे गेले आणि ते लपवले गेले: कोणती दुरुस्ती मागावी?

नमस्कार.

कोल्हापुरातील एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या १५० सीसी मोटारसायकलचे नेहमीचे सर्व्हिसिंग झाल्यापासून इंजिनाखालून ऑइल गळत आहे. गळतीचे कारण सापडले आहे आणि चूक कोणाची याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र पुढे नेमकी कोणती दुरुस्ती मागावी आणि ती लेखी कशी मागावी, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सर्व्हिसिंगमध्ये ऑइल व फिल्टर बदलणे, चेन साफ करून ताणणे आणि ब्रेक तपासणे एवढीच कामे जॉब कार्डवर लिहिली होती. गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर ऑइलचे थेंब दिसले. सेंटरला दाखवले असता मेकॅनिकने खालून फडक्याने पुसले, ‘थोडे पाझरते, आपोआप बंद होईल’ असे सांगितले आणि ड्रेन बोल्ट (इंजिनातले जुने ऑइल खालून काढण्याचा बोल्ट) उघडून पाहण्यास नकार दिला. त्यामुळे शिवाजी उद्यमनगरातील एका अनुभवी टर्नरकडे गाडी नेली. बोल्टच्या डोक्याभोवती एम-सील थापलेले होते. ते काढण्यापूर्वीपासून शेवटपर्यंतचे सलग चित्रीकरण मी करून ठेवले आहे. बोल्ट बाहेर आला तेव्हा त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे होते आणि त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार अडकलेली होती, म्हणजेच क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या कवचाचे) आटे सोलून बोल्टबरोबर निघाले होते.

हे कसे घडते, हे टर्नरने नीट समजावून दिले. बोल्ट पोलादाचा आणि क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे ताण जास्त झाला की नरम धातू आधी हार मानतो. अशा आकाराच्या ड्रेन बोल्टला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क पुरतो. हवेच्या गनने किंवा लांब दांड्याच्या पान्याने तो सहज ओलांडला जातो. बोल्टखालचा वायसर प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी नवा घालायचा असतो. जुनाच ठेवला तर तिथून पाझर येतो आणि तो थांबवण्यासाठी बोल्ट आणखी आवळला जातो. माझ्या बिलात वायसरची नोंद नाही.

सेंटरचे म्हणणे आधी ‘आटे पूर्वीच झिजलेले होते’ असे होते, आता ते ‘गाडी बाहेर उघडली, आमची जबाबदारी संपली’ असे झाले आहे. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत. गाडी नवी घेतल्यापासून प्रत्येक ऑइल बदल याच सेंटरमध्ये झाला असून सर्व जॉब कार्डे माझ्याकडे आहेत. आटे आधीच झिजलेले असतील तर ते झिजवणारे हातही त्यांचेच होते. शिवाय तसे आढळले असते, तर जॉब कार्डवर नोंद करून मला फोन करणे हे त्यांचे कर्तव्य होते. काम करताना हातून चूक होऊ शकते, हे मी समजू शकतो. पण टेप आणि एम-सील लावून, मला काहीही न सांगता गाडी हातात देणे, ही गोष्ट मला अतिशय गंभीर वाटते. या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑइल असते आणि तेच गिअर व क्लचलाही पुरते. पातळी उतरली तर इंजिन जाम होऊ शकते आणि उडालेले ऑइल मागच्या टायरवर गेले तर गाडी घसरते. मी रोज महामार्गाने कागलच्या औद्योगिक वसाहतीत जातो, त्या वेगात काय झाले असते याचा विचारही करवत नाही. सध्या गाडी बंद ठेवली आहे.

आता दुरुस्तीविषयी. सेंटरने तोंडी दिलेली तडजोड म्हणजे जाड बोल्ट ठोकून बसवणे, आणि ती मला नको आहे, कारण पुढच्या प्रत्येक ऑइल बदलाला तेच कमकुवत आटे पुन्हा खाल्ले जातील. टर्नरच्या मते भोक मोठे करून, नवा टॅप मारून (म्हणजे नवे आटे पाडून) हेलिकॉइल इन्सर्ट, म्हणजे पोलादी तारेचे वेटोळे, बसवावा, त्याचे पोलादी आटे मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरतात. मला काळजी आहे ती टॅप मारताना आत पडणाऱ्या बुरादीची (धातूच्या किसाची). टॅपला ग्रीस लावून आणि नंतर थोडे ऑइल ओतून धुऊन काढल्यास ती पुरेशी निघते का, की जाळी आणि फिल्टरही काढून पाहावेत? दुसरा पर्याय क्रँककेस बदलण्याचा आहे. त्यासाठी पूर्ण इंजिन खोलावे लागेल, आणि इंजिन क्रमांक क्रँककेसवरच कोरलेला असल्यामुळे तो भाग बदलल्यास आरटीओकडे जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागेल. म्हणून माझा कल इन्सर्टकडे आहे. फक्त गाडी वॉरंटीत असल्याने ते काम सेंटरनेच, स्वतःच्या खर्चाने आणि लेखी हमीसह करून द्यावे, असे मला वाटते. ज्यांनी असा इन्सर्ट बसवून घेतला आहे, त्यांनी तो किती ऑइल बदल टिकला हे कृपया सांगावे.

कायद्याची बाजू मी वाचून काढली आहे. दुरुस्तीसाठी सोपवलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणे हे भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १५१नुसार बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार सदोष सेवेची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्याचा आणि कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरला पत्र पाठवण्याचा माझा विचार आहे. भांडण वाढवण्याची इच्छा नाही, गाडी सुरक्षित व्हावी आणि सेंटरने झालेली गोष्ट लेखी मान्य करावी, एवढेच हवे आहे.

येथे मला तीन बाबतींत अडचण आहे. टर्नरचे त्याच्या लेटरहेडवरील मत पुरावा म्हणून चालेल का, की एखाद्या चार्टर्ड इंजिनिअरकडून तपासणी अहवाल घ्यावा? गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक झाले’ या छापील ओळीखाली सही मागतात. ती केल्यास पुढे आतमध्ये बिघाड निघाला तर माझा दावा दुबळा होईल का, आणि सहीबरोबर ‘हक्क राखून’ असे लिहिले तर ते ग्राह्य धरले जाते का? आणि तडजोडीची बोलणी चालू असताना सेंटर तारीख पे तारीख करू लागले, तर नोटिशीत किती मुदत देणे योग्य मानले जाते?

पत्राचा मसुदा तयार आहे. कोणी तपासून देणार असल्यास नाव-पत्ता वगळून तो येथेच देतो. चित्रीकरणातील टेप, एम-सील आणि बोल्टची छायाचित्रेही सोबत जोडेन.